रात्री साडेदहानंतरचं मटण ताट: बेळगावातल्या एका हॉटेलाचा आठ महिन्यांचा अनुभव

पाटीवर वेळ लिहिलीय सकाळी ११ ते रात्री १२. शेवटचा दीड तास खोटा आहे, आणि माझी तक्रार तेवढ्याचीच आहे. महामार्गावरून शहरात शिरताना लागणाऱ्या या हॉटेलात रात्री साडेनऊपर्यंतचं मटण ताट मनापासून आवडण्यासारखं असतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, तांबड्यावर लाल तर्री असते, पांढऱ्यात खसखस आणि खोबरं दोन्ही जिभेला लागतं. पंधरा मिनिटांत ताट समोर येतं. तेच ताट अकरा वाजता मागवलं, की चाळीस मिनिटं धरायची.

साडेदहाला पाळी संपते. चार सप्लायरांपैकी एकच उरतो आणि बारा टेबलं, पार्सल बांधणं, पाणी आणि बिल सगळं त्याच्या गळ्यात पडतं. दारात डिलिव्हरीवाले उभे असतात, म्हणून पार्सलं आधी सुटतात आणि बसलेलं गिऱ्हाईक मागे राहतं. त्या पोराचा यात काडीचा दोष नाही. त्याच्यावर आवाज चढवणाऱ्यांनी आधी गल्ल्यावर बसलेल्याशी बोलावं.

पावणेअकराला मागच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढतात, अर्धे पंखे बंद होतात आणि फरशीवर फिनेल पडतं. खुर्च्यांचं मी सोडून देईन, फिनेलचं नाही. पांढरा रस्सा अर्धा वासावर जेवायचा असतो. नाकात फिनेल गेलं की तो नुसता दुधट पाण्यासारखा लागतो. शेवटचं ताट उठेपर्यंत फरशी कोरडी झाडून घेतली तरी चालतं, ओला पोछा नंतर मारता येतो.

दुसरी अडचण मेनूकार्डाची. कार्ड रात्रभर तेच, पण भट्टीवर जेमतेम पाच-सहा पदार्थ उरलेले असतात. सप्लायर आत न विचारता ऑर्डर लिहून घेतो आणि वीस मिनिटांनी येऊन कन्नडमध्ये सांगतो, ‘खाली आग्यादरी’, म्हणजे संपलंय. म्हणून कार्ड उघडूच नका. बसल्या बसल्या विचारा, ‘अण्णा, ईग एन ऐत्री?’, म्हणजे आत्ता काय आहे? तो आत जाऊन बघून येतो आणि वीस मिनिटं वाचतात.

आता काय मागवावं आणि काय नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळून लगेच थापावं लागतं. इथं दहाला एकदाच मोठा गोळा मळून ठेवतात, त्यामुळे अकराच्या भाकरीच्या कडा चिरतात आणि ती फुगत नाही. त्याहून वाईट म्हणजे आधीच भाजून बुट्टीत रचलेल्या. वाफेनं खालच्या ओल्या होतात, वरच्या गार होऊन चामट होतात. ‘आत्ता थापून देणार असाल तरच द्या’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर चपाती घ्या. तंदुरी रोटीच्या वाटेला जाऊ नका. दहानंतर तंदुरात नवा कोळसा पडत नाही, भिंत निवते, रोटी वरून वाळते आणि आतून कच्ची राहते.

रस्सा संध्याकाळपासून मंद आचेवर असतो. पाणी आटलं की मीठ चढतं आणि वरची तर्री आधीच्या ताटांत गेलेली असते. मग पातेल्यात पाणी ओततात. नुसतं पाणी घातलं आणि उकळी आणली नाही, की मसाला खाली, पाणी वर. वाटीतून वाफ येत नसेल तर परत पाठवा आणि उकळी आणायला सांगा. यात संकोच करू नका, पैसे उकळलेल्या रश्श्याचेच मोजतो आपण.

भाताबाबत मात्र मी हट्टी आहे. एग राइस, तवा राइस, जीरा राइस, सगळ्याला दुपारचा मोकळा केलेला भात वापरतात. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम नाहीतर ५ अंशांच्या खाली गार ठेवायला हवं. परातीत उघड्यावर पडलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, आणि उलट्या आणणारं त्याचं विष तव्यावर परतून जात नाही. चव, वास ठीक असला तरी भरवसा नाही. भात कधीचा हे विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

गोबी मंचुरियनच्या रंगाकडेही बघा. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली आहे. इथं दिवसा गोबी तपकिरी असते, रात्री उशिरा दोनदा तरी लालभडक आली. हे मला अजिबात मान्य नाही.

उशिरा भरवशाचं काय, तर अंडं. बुर्जी किंवा डबल ऑम्लेट समोर फोडून होतं, एकाच शेगडीवर सात-आठ मिनिटांत येतं, आणि चपातीबरोबर पोट भरतं.

बिलाचंही सांगतो. अकराला यंत्रावर दिवसाचा हिशेब बंद करतात, त्यानंतर बिल हाती लिहितात. बेरीज स्वतः करा. कागदावर जीएसटी क्रमांक नसताना ५ टक्के लावले असतील तर देऊ नका. कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या योजनेत असलेल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायलाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ पासून मनाई केली आहे. गल्ल्यावर ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मालकांकडे मागणं दोनच. मराठी आणि कन्नड दोन्हींत गल्ल्यावर पाटी लावा: ताटाची शेवटची ऑर्डर सव्वादहा. आणि साडेदहानंतर मोठं कार्ड उचलून बुर्जी, ऑम्लेट, चपाती, डाळ, ताक एवढ्याचीच चिठ्ठी टेबलावर ठेवा. एकटा सप्लायर तेवढं नीट सांभाळतो.