नक्कल की अनुकरण?

शिक्षकदिनाच्या भाषणात ‘सरांची नक्कल करा’ लिहू की ‘अनुकरण’, असं भाचीने विचारलं.

अर्थ पाहिला तर नक्कल बाहेरच्या रूपाची: सरांचा आवाज, हातवारे, चष्मा पुसायची लकब. अनुकरण वागण्याचं: वेळ पाळणं, वाचत राहणं.

छटेचं म्हणशील, तर ‘अनुकरणीय’ ही शाबासकी. नकलेला तसा मान नाही, आणि तो मिळायला हवा. नक्कल करायलाही अक्कल लागते. उलट ‘अंधानुकरण’ झालं की अनुकरणाचंही दूषण होतं.

वापराचा आवाका नकलेचाच मोठा. सातबाऱ्याचीसुद्धा नक्कल काढतात.

तेव्हा भाषणात अनुकरण घे. स्नेहसंमेलनातल्या गमतीला नि कचेरीतल्या कागदाला नक्कल. परीक्षेतल्या चोरीला मात्र सगळे कॉपीच म्हणतात.