मनगटावरचे घड्याळ: रानात वापरावे की पेटीत जपावे?

हाती एखादे चांगले घड्याळ आले, की ते रोजच्या कामात घालावे की पेटीत ठेवून लग्नकार्यापुरते बाहेर काढावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक घरांत कधी ना कधी पडतो. घड्याळ सासरकडून मिळालेले असो, वडिलांच्या मागे वाट्याला आलेले असो किंवा कापसाचा चुकारा हाती आल्यावर हौसेने घेतलेले असो, घरातली मोठी माणसे बहुधा जपण्याचाच सल्ला देतात, आणि त्या सल्ल्यामागे वस्तूविषयीचा खरा आदर असतो. यवतमाळ जिल्ह्यात कापूस, तूर आणि थोडे ओलिताचे रान सांभाळताना मी दोन्ही रीती पाळून पाहिल्या आहेत. ज्यांचे अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हा अनुभव मांडत आहे. चावीचे, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे) आणि सेलचे घड्याळ यांतील फरक वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो.

जपण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा आहे तो जुन्या एचएमटीचा, म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीच्या घड्याळांचा. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला घड्याळांचा हा उद्योग सुरू झाला आणि पुढे जनता, पायलट, कांचन, सोना ही नावे खेड्यापाड्यांत पोहोचली. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आज त्या जुन्या मशीनचा एखादा भाग लागला, तर कारागीर तो बहुधा दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातूनच काढून बसवतो. तबकडीचे तर याहून अवघड आहे. आत ओल शिरून तिच्यावर एकदा डाग पडला की तो जात नाही, आणि रंगवून नवी केलेली तबकडी कितीही चकचकीत दिसली तरी ती मूळची राहत नाही. बाजारात अशा रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळे इतकी आली आहेत, की मूळ तबकडी शाबूत असलेल्या घड्याळाला जाणकारांकडे वेगळाच मान मिळतो. शिवाय जुन्या काळातील पुष्कळ केस (घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच) पितळेवर मुलामा दिलेल्या असत. उन्हाळ्यातला आपल्याकडचा घाम त्या मुलाम्याला पट्ट्याच्या बाजूने खातो, आणि आतले पितळ उघडे पडले की तिथे हिरवट थर धरतो. ज्याच्याकडे असे घड्याळ असेल आणि ते पुढच्या पिढीला जसेच्या तसे द्यायचे असेल, त्याने ते रानात नेऊ नये हे मला मान्य आहे.

परंतु पेटीत ठेवल्याने घड्याळ जसेच्या तसे राहते, ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागेल. पेटीमुळे काच आणि केस वाचते, तेवढेच. चावीच्या मशीनमधले तेल घड्याळ चालले काय आणि बंद राहिले काय, वर्षे गेली की घट्ट होते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा टिनाच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात ते अधिक लवकर सुकत असावे, असे माझे मत आहे. मागच्या झाकणाखालचे रबराचे वायसर कडक होते. सेलचे घड्याळ बंद पडल्यावर तसेच ठेवले तर संपलेला सेल कधीतरी पाझरतो आणि सर्किट खाऊन टाकतो. हे नुकसान पेटीतल्या घड्याळालाच अधिक होते, कारण हातातले घड्याळ बंद पडले की माणूस दोन दिवसांत सेल बदलून घेतो. काही डिजिटल घड्याळांचे रेझिनचे पट्टेही न वापरता हवेतल्या दमटपणाने चिरतात आणि एके दिवशी हातात घेताच तुटून येतात.

जपलेल्या घड्याळाची दुसरी अडचण सर्वांच्या परिचयाची आहे. लग्नाला निघताना ते बंद असते, आणि वऱ्हाडाची गाडी दारात उभी असताना त्याला चावी द्या, वेळ जुळवा, वार-तारीख लावा, हे सगळे करावे लागते. घाईत तारीख लावताना काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या पट्ट्यात असतील, तर अनेक मशीनमध्ये तारखेच्या चाकाचे दात दुखावतात. म्हणून काटे आधी सहावर आणावेत आणि मगच तारीख बदलावी. तरीही ही अडचण सोसण्यासारखी आहे, आणि केवळ तिच्यामुळे माझे मत बनले नसते.

माझे मत बनले ते काढघालीमुळे. घड्याळ जपायचे, पण अगदी पेटीतही ठेवायचे नाही, असा मधला मार्ग आपल्यापैकी बहुतेक जण धरतात. रानात जाताना घड्याळ हातात असते, कारण तिथे वेळ कळणे गरजेचे असते. कृषिपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, आणि ओलिताच्या पाळीला ती किती वाजता येणार नि किती वाजता जाणार याचा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो. निंदायला आलेल्या बाया दुपारच्या सुमारास धुऱ्यावरून विचारतात, "भाऊ, किती वाजले जी?" त्या वेळी चिखलाने भरलेल्या हाताने खिशातला मोबाइल काढणे जमत नाही, मनगटाकडे नुसते पाहणे जमते. म्हणजे घड्याळ हवेच. आणि तरीही, ते जपायचे असल्यामुळे, पाणी वळवण्यासाठी दांड फोडायला फावडे उचलले की घड्याळ काढायचे. ते स्टार्टरच्या पेटीवरच्या खिळ्याला अडकवायचे. दांड बांधून झाला, हात धुतले, की पुसून पुन्हा घालायचे. खताच्या पोत्याला हात लावताना पुन्हा काढायचे. बैल सोडताना खिशात टाकायचे. वखराची पास काढताना खिशातले घड्याळ मांडीला टोचते म्हणून शर्टच्या वरच्या खिशात न्यायचे. हे दिवसभर चालते, आणि माणसाचे अर्धे लक्ष कामाऐवजी त्या घड्याळावर राहते.

या काढघालीने त्रास होतोच, पण जे वाचवण्यासाठी ती करायची त्याचेच नुकसानही होते. माझ्या घड्याळांना जो काही मोठा मार बसला, तो मनगटावर असताना बसलेला नाही. तो बसला काढताना आणि घालताना. ओल्या बोटांनी बक्कल लावताना पट्टा निसटतो, एका हाताने घड्याळ धरलेले नसते, आणि ते विहिरीच्या सिमेंटच्या काठावर तोंडावर पडते. मनगटावर असताना हात कशालाही आपटला तरी मागे हाडामांसाचा आधार असतो आणि धक्का पुष्कळसा त्यात जिरतो. छातीच्या उंचीवरून मोकळ्या पडलेल्या घड्याळाला असा कोणताच आधार नसतो. खिळ्याला अडकवलेले घड्याळ वाऱ्याने हलते आणि पेटीच्या पत्र्यावर घासते. खिशात टाकलेले घड्याळ चाव्यांशी घासते. बक्कल दिवसातून अनेकदा लावल्याने चामडी पट्ट्याचे ते एकच भोक लांबट होते, त्याभोवती घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटते, आणि तिथेच पट्टा सर्वांत आधी तुटतो. याउलट सकाळी एकदा घातलेले आणि रात्रीच काढलेले घड्याळ ओरखडे घेते, पण पडत नाही, हरवत नाही आणि मनातही घोळत राहत नाही. कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल. ज्यांचे काम टेबलावरचे आहे त्यांना ही काढघाल कदाचित जाणवणारही नाही. शेतीच्या कामात मात्र हा एकच मुद्दा मला बाकी सर्वांहून जड वाटला.

अर्थात बेधडक वापरायचे म्हणजे काहीही करायचे असे नाही. एका कामाला घड्याळ घरीच ठेवावे, आणि ते काम म्हणजे फवारणी. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी याबाबत कुणी हयगय करू नये. चामड्याचा किंवा कापडी पट्टा औषध शोषून घेतो आणि ते मनगटाच्या कातडीला दिवसभर लागून राहते. इथे प्रश्न घड्याळ जपण्याचा नसून शरीर जपण्याचा आहे. त्या दिवशी वेळ पाहायची असेल तर फवारणीच्या पंपाजवळ न नेलेल्या थैलीत मोबाइल असावा.

पाण्याबाबतही थोडी सावधगिरी हवी. मागच्या झाकणावर पाणी सोसण्याची खोली म्हणून 30 मीटर लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे आणि हात धुणे इतकाच घ्यावा. विहिरीत उतरायचे असेल किंवा नदीत पोहायचे असेल तर 100 मीटरचे घड्याळ घ्यावे, आणि तेही वायसर चांगले असेल तोवरच भरवशाचे. जुन्या चावीच्या घड्याळावर काहीही लिहिलेले असो, त्याला पाण्यापासून दूरच ठेवावे.

धुळीचे मात्र नीट समजून घ्यावे, कारण काच ओरखडते ती आपटून कमी आणि पुसून जास्त. आपल्या रानात काळ्या मातीबरोबर गारगोट्या सर्वत्र सापडतात. गारगोटीची कठीणता मोहस् मापावर (खनिजांची कठीणता 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मापावर) 7 आहे, आणि घड्याळाची साधी मिनरल काच त्याहून मऊ असते. धुळीने भरलेली काच शर्टच्या बाहीने घासली की तेच कण तिच्यावर रेघा ओढतात. घड्याळ पाणी सोसणारे असेल तर आधी त्यावर पाणी ओतून माती वाहू द्यावी आणि मग पुसावे. नसेल तर फुंकर मारून, ओलसर कापडाने हलकेच टिपावे. जुन्या एचएमटीची प्लास्टिकची काच सर्वांत लवकर ओरखडते, पण बारीक पॉलिशने ती पुन्हा स्वच्छ होते, आणि अगदीच खराब झाली तर तालुक्याच्या गावी थोड्या पैशांत बदलून मिळते. मिनरल काचेचा ओरखडा घरी जात नाही. नीलमाची, म्हणजे सफायर काच मोहस् मापावर 9 ची असल्याने धुळीला दाद देत नाही, पण ती महाग असते, आणि नेमक्या कोपऱ्यावर मार बसला तर तिचा टवका उडतो.

आता घड्याळ कोणते घ्यावे, याविषयी थोडे. ज्याला वापरायचेच आहे त्याच्यासाठी कॅसिओचे एफ-91डब्ल्यू हे 1989 पासूनचे साधे घड्याळ आजही मला पुरेसे वाटते. ते हलके आहे, सेल सुमारे सात वर्षे टिकतो, आणि खराब झाले तरी जीव कळवळत नाही. कुदळ-कुऱ्हाडीचे काम अधिक असेल तर त्याच कंपनीचे जी-शॉक आहे. त्याची जन्मकथा आपल्या प्रश्नाशी जुळणारी आहे. किकुओ इबे या अभियंत्याला वडिलांनी दिलेले घड्याळ पडून फुटले. त्यानंतर 10 मीटरवरून पडले तरी टिकेल, 10 बार (सुमारे 100 मीटर खोल पाण्याइतक्या) दाबाचे पाणी सोसेल आणि ज्याचा सेल 10 वर्षे चालेल असे घड्याळ करण्याचा ध्यास त्याने घेतला, आणि 1983 साली पहिले जी-शॉक बाजारात आले. चावीचे घड्याळ कुदळीच्या कामात घालायचेच असेल, तर ज्या हाताने जोर लागतो त्याच्या दुसऱ्या मनगटावर घालावे. बहुतेक मशीनमध्ये धक्का सोसणारी रचना असते, पण ती अधूनमधून बसणाऱ्या धक्क्यासाठी असते, तासभर दगड फोडण्यासाठी नव्हे.

कुणी म्हणेल की एक रानाचे आणि एक समारंभाचे अशी दोन घड्याळे ठेवावीत. हा सल्ला वाईट नाही, आणि वडिलांच्या घड्याळाच्या बाबतीत तर मीही तोच देईन. मात्र समारंभाचे घड्याळही दर आठवड्याला एखाद्या दिवशी, बाजाराच्या दिवशी म्हणा, दिवसभर हातात राहील असे पाहावे, आणि चार-पाच वर्षांनी त्याचे तेलपाणी करून घ्यावे. ते जमणार नसेल, तर दुसरे घड्याळ घेण्यापेक्षा आहे तेच अंगवळणी पाडावे असे मला वाटते. नव्या घड्याळावर पहिला ओरखडा पडेपर्यंत मन हळहळते. चौथ्या-पाचव्यानंतर माणूस घड्याळाकडे फक्त वेळ पाहण्यासाठी पाहू लागतो.

ज्यांचा कल वापरण्याकडे झुकला असेल त्यांनी हंगाम लागण्याआधी, रोहिणीच्या सुमारास, घड्याळ तालुक्याच्या कारागिराकडे नेऊन एवढी कामे करून घ्यावीत: झाकणाचे वायसर बदलावे, पट्ट्याच्या दोन्ही पिना नव्या आणि जाड बसवाव्यात, आणि चामडी पट्ट्याऐवजी दोन्ही पिनांखालून जाणारा सलग नायलॉनचा पट्टा लावावा. 1973 साली ब्रिटिश संरक्षण खात्याने सैनिकांसाठी हा पट्टा ठरवला, तो याच गुणामुळे: एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहते, चिखलात पडत नाही. तो रात्री साबणाने धुऊन दोरीवर टाकला की सकाळपर्यंत वाळतो.