आरएसए घ्यावा का गावच्या क्रेनवाल्याचा नंबर ठेवावा?

मेव्हण्यानं नवी गाडी बुक केली अन् परवा इन्शुरन्सचं कोटेशन घेऊन घरी आला. म्हणला, दाजी, हे रोडसाईड असिस्टन्सचे, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवणाऱ्या आरएसएचे, पैसे भरू का सोडून देऊ, आपल्याकडं तर एका फोनवर क्रेन येती. मी दोन्ही वापरलेत, अन् दोन्हींत गाडी टोचन होऊन परक्याच्या जागेत रात्री राहिली आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कोणाला ठरवायचं असेल तर उपयोग होईल.

आधीच सांगतो, माझा अनुभव अंबाजोगाई ते संभाजीनगर या पट्ट्यातला आहे. केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा माझा नेहमीचा रस्ता. पुण्या-मुंबईकडं कायम जाणाऱ्याला वेगळा अनुभव येऊ शकतो.

पहिली वेळ आरएसएची. शनिवारची संध्याकाळ, पाडळसिंगीच्या टोलच्या अलीकडं क्लच गेला. ॲप उघडलं, लोकेशन गेलं, पाच मिनिटात फोन आला, मॅडम नीट मराठीत बोलल्या, पैसे द्यायचे नाहीत हे पण स्पष्ट सांगितलं. गाडी यायला सव्वातीन तास लागले, कारण ती निघालीच संभाजीनगरहून. पण आली ती फ्लॅटबेड, म्हणजे सपाट फळीची. ड्रायव्हर पोरगा हुशार होता, चारी चाकांना पट्टे लावले, गाडी अशी अलगद वर घेतली की कुठं ओरखडा नाही. उचलायच्या कामात मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन. ऑटोमॅटिक गाडी असेल, इलेक्ट्रिक असेल किंवा फोर व्हील ड्राईव्ह असेल तर फ्लॅटबेडशिवाय दुसरं काही बोलवूच नका, इंजिनची ताकद ज्या चाकांना जाती ती चाकं रस्त्यावर फिरत ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचा किंवा मोटरचा खर्च अंगावर येतो.

खरा त्रास तिथून पुढं सुरू झाला. आम्ही शहरात पोचलो तेव्हा सर्व्हिस सेंटरला कुलूप. ड्रायव्हरनं वर फोन लावला, वरून सांगितलं यार्डात टाका, उघडलं की आमचा माणूस सोडंल. रात्री साडेदहाला कुठंतरी एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या कंपाउंडात गाडी उतरवली, किल्ली गेटवरच्या माणसाकडं दिली, ड्रायव्हरनं माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपी घेतला अन् गेला. कुणी काही लिहून घेतलं नाही अन् मी पण थकलेला होतो, लेकरं सोबत होती, मी पण मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, सोमवारी गणपती बसले, मंगळवारी मी एसटीनं परत संभाजीनगरला.

गेटवरचा माणूस म्हणला तीन दिवसाचं पार्किंग पंधराशे. मी म्हणलं टोइंग फ्री आहे, तर म्हणला टोइंग फ्रीच आहे साहेब, हे उभं करायचं भाडं आहे. डिकी उघडली तर स्टेपनी नाही, जॅक नाही. तो म्हणला आली तवाच नव्हती. आता मी काय दाखवणार? कॉल सेंटरला फोन लावला तर तिकडून उत्तर, सर तुमची गाडी ड्रॉप झाली आहे, केस क्लोज झाली आहे. म्हणजे मी जो ओटीपी दिला तिथं त्यांची जबाबदारी संपली, अन् सर्व्हिस सेंटरची जबाबदारी गाडी त्यांच्या गेटात गेल्यावर सुरू होणार, अन् मधल्या तीन रात्री गाडी कोणाच्या ताब्यात होती हे सांगणारा एक पण माणूस नाही. पंधराशे दिले, पावती मागितली तर कोऱ्या कागदावर गाडी नंबर अन् रक्कम, ना शिक्का ना नाव. स्टेपनी काही मिळाली नाही, ती नवी घ्यावी लागली. मला पैशापेक्षा ह्या गोष्टीचा राग जास्त आला अन् तो अजून गेलेला नाही.

मग मी नियम वाचत बसलो. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की काय करायचं हे १८७२ च्या करार कायद्यात लिहिलेलं आहे. कलम १५१ म्हणतं, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे. कलम १७० म्हणतं, ज्यानं वस्तूवर स्वतःची मेहनत किंवा कसब लावलं, म्हणजे उदाहरणार्थ मेकॅनिक, तो मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवू शकतो, वेगळा करार नसला तर. आता नुसती गाडी उभी राहू दिली ह्याला कसब म्हणायचं का? मला तरी नाही वाटत, वकिलाला विचारून घ्या, पण भाडं आधी सांगितलेलंच नाही अन् त्यासाठी किल्ली अडवायची हे मला पटण्यासारखं नाही. अन् बिल-पावती न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत धरलेलं आहे, १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला सांगता येतं. हे तेव्हा माहीत असतं तर गेटवर उभं राहून बोललो असतो.

दुसरी वेळ क्रेनवाल्या मामांची. पुढच्याच उन्हाळ्यात केजच्या पुढं गाडी गरम होऊन बंद पडली, रेडिएटरचा पाईप फुटला होता. टपरीवाल्यानं नंबर दिला. फोनवरच मामांनी सांगितलं, उचलायचे एवढे, किलोमीटरला एवढे, जाणं-येणं दोन्ही धरणार, रात्री आठनंतर दोनशे जास्त, पटलं तर निघतो. पस्तीस मिनिटात आले. गाडी त्यांची जुनी, मागं हुक अन् पुढची दोन चाकं उचलणारी. मी म्हणलं लावा लवकर, ऊन लै आहे. तर म्हणले,

"मालक, आधी फोटो काढू द्या, मंग हुक लावू."

"काऊन?"

"उद्या तुम्ही म्हणताल बंपर असा नव्हता, अन् मी म्हणीन होता. भांडण कशाला पाहिजे?"

चारी बाजूंनी फोटो काढले, मग सीटखालून कार्बन पेपरचं पावतीबुक काढलं. गाडी नंबर, किलोमीटर रीडिंग, पेट्रोलचा काटा कुठं आहे, स्टेपनी आहे, जॅक-पाना आहे, टेप आहे, बॅटरी कोणत्या कंपनीची, डाव्या दरवाजाला जुना ओरखडा, किल्ली कोणाकडून घेतली, किती वाजता. खाली माझी सही, त्यांची सही, एक पान मला. हे सगळं सात-आठ मिनिटात झालं असेल. गॅरेजवाला त्या दिवशी लग्नाला गेलेला, म्हणून गाडी रात्री मामांच्या कंपाउंडात. भिंतीवर रंगानं लिहिलेलं, पहिली रात्र फ्री, पुढं दिवसाला दीडशे. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सोडताना त्यांनी तेच पान पुढं धरलं अन् एकेक वस्तू मला दाखवून टिक केली. मी विचारलं हे कुठं शिकले. म्हणले, एकदा एकाची बॅटरी कंपाउंडातून गेली, भरून द्यावी लागली, तेव्हापासून लिहितो.

आता मामांच्या बाजूच्या कमी गोष्टी पण सांगितल्या पाहिजेत. हुकनं उचलताना बंपरच्या खालची प्लास्टिकची पट्टी थोडी घासली, त्यांनी ते पण पानावर लिहिलं. ऑटोमॅटिक गाडी ते स्वतःच घेत नाहीत, नाही म्हणून सांगतात. बिल हातानं लिहिलेलं असतं, इन्शुरन्सला चालेल का ह्याची खात्री नाही. अन् सगळे क्रेनवाले असे नसतात हे मला पण माहीत आहे, हायवेवर दुप्पट मागणारे भेटलेत, ट्रॅक्टरला साधी दोरी बांधून ओढणारे पण भेटलेत. ट्रॅक्टरचं तर टाळाच. नियमानं दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या वर नको, पुढची चाकं उचललेली नसतील तर मागच्या गाडीच्या स्टेअरिंगवर लायसनवाला माणूस पाहिजे, अन् इंजिन बंद असल्यावर ब्रेक अन् पॉवर स्टेअरिंग इतकं जड होतं की उतारावर जीव मुठीत धरावा लागतो. मांजरसुंब्याच्या घाटात मी ते एकदा केलंय, परत करणार नाही.

पैशाचा हिशोब करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, साध्या कार पॉलिसीत पण टोइंगची रक्कम असते, पण ती अपघाताला आहे, अन् जुन्या मोटर टॅरिफपासून, म्हणजे गाडीच्या इन्शुरन्सच्या जुन्या ठरलेल्या दर-नियमांपासून, ती एका अपघाताला १,५०० रुपये धरलेली आहे. नुसता क्लच गेला तर त्यातून काही मिळत नाही, म्हणून तर आरएसए वेगळा विकतात. आरएसएमध्ये फ्री किलोमीटरची मर्यादा असते, अन् यार्डातल्या भाड्याबद्दल माझ्या कागदावर एक ओळ पण नव्हती. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ ला फोन करा, टोलवाल्यांची क्रेन गाडी रस्त्यातून बाजूला सुरक्षित जागी घेते, पण ती तुम्हाला घरी सोडायला नसते. समृद्धीवर इंटरचेंजशिवाय आत-बाहेर होताच येत नाही, तिथं फोन लावताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.

अपघातात कोणाला लागलं असेल तर मात्र ह्या दोन्हीतलं काही कामाचं नाही, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जाते. तिथं पंचनाम्यात स्टेपनी, बॅटरी, टेप लिहून घ्यायला लावा अन् नक्कल घ्या. मग कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टानं मागितली की परत हजर करीन अशा लेखी हमीवर, गाडी सोडवायची. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय की गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या अन् सोडा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये पण फोटो अन् यादी करून वस्तूचा निकाल लावायची मुदत आली आहे, ती जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणजे कोर्टाला पण तेच पाहिजे जे मामा कार्बन पेपरवर करतात.

मेव्हण्याची गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणून त्याला म्हणलं तू आरएसए घे, फ्लॅटबेड लागणारच आहे. पण फोनवर दोन प्रश्न विचारून कॉल रेकॉर्ड कर, सर्व्हिस सेंटर बंद असेल तर गाडी कुठं ठेवणार अन् तिथलं भाडं कोण देणार. ड्रायव्हर आला की फोटो, रीडिंग अन् स्टेपनी लिहून त्याची सही घेतल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, लेकरं झोपली असली तरी. अन् लोकल बोलवायचा असेल तर त्याच्या गाडीला पिवळी प्लेट आहे का बघ, टोइंगची गाडी व्यावसायिक वाहनात मोडते, फिटनेस लागतं, पांढऱ्या प्लेटवाल्याच्या हुकाला आपली गाडी द्यायची नाही.

माझी गाडी साध्या गिअरची आहे अन् माझं येणं-जाणं याच रस्त्यावर. यंदा पॉलिसी रिन्यू करताना एजंटनं विचारलं आरएसए ठेवू ना, मी म्हणलं राहू द्या. मामांचा नंबर बायकोच्या अन् भावाच्या मोबाईलमध्ये पण टाकून दिलाय, अन् तसल्याच पानाच्या चार कोऱ्या झेरॉक्स डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्यात, मामा कामावर असले अन् दुसरा कोणी आला तर त्याच्यापुढं धरायला.