हवामान खात्याचं चक्रीवादळ पत्रक: बेळगाव-खानापूरकरांच्या नजरेतून

चोर्ला किंवा अनमोड घाटातून गोव्याला गाडी काढणाऱ्यांसाठी ही फुकट सेवा सगळ्यांत भरवशाची. किनाऱ्याला वादळी हवामान सुरू होण्याच्या 48 तास आधी 'अलर्ट', 24 तास आधी 'वॉर्निंग'. चक्रीवादळ तयार झालं की दर 3 तासांनी नवं पत्रक.

खरी गल्लत नकाशातल्या शंकूची होते. तो केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, पावसाचा पट्टा नव्हे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ समुद्रातूनच गुजरातकडे सरकलं, तरी गोव्याला झोडपून गेलं. वाऱ्याचा आकडा 3 मिनिटांची सरासरी असतो, झोताचा वेग पुढे वेगळा दिलेला असतो. पत्रे झोतानं उडतात, म्हणून तोच धरा!

भाषा मात्र फार तांत्रिक. घाटातली दरड, पडलेली झाडं यात कळत नाहीत. त्यासाठी पोलिसांनाच विचारावं.