पीएस५ स्लिम: दहा हजार जास्त मोजा, पण डिस्कवालाच घ्या

पैसे माझे, खेळणारा भाचा. पीएस५ म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, म्हणजेच कन्सोल. त्याचं कौतुक दोन ओळींत उरकतो. चित्र झकास, आवाज जवळजवळ नाहीच, गेम चटकन सुरू होतो. आमच्या बेळगावच्या वडगावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएसला जोडलाय. मला बोलायचंय ते किमतीबद्दल.

स्लिम, म्हणजे पीएस५ चा नंतरचा सडपातळ अवतार, भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला. डिस्कवाला, म्हणजे गेमची डिस्क घालून खेळायचा, ५४,९९० आणि बिनडिस्कचा, म्हणजे इंटरनेटवरून गेम उतरवून घ्यायचा डिजिटल, ४४,९९०. भाचा म्हणाला, "मामा, डिजिटलच घेऊया की, धा हजार वाचतात." मी सुताचा आणि साड्यांचा व्यापार करणारा माणूस. कोण दहा हजार सोडतो म्हटलं की आधी विचारतो, का सोडतो?

मशीन विकून पैसे कमवायचे हा या धंद्याचा मूळ हिशेबच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक, म्हणजे फोर्टनाइट गेमची कंपनी, आणि अ‍ॅपलचा खटला चालला होता. त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्षीत सरळ सांगितलं, एक्सबॉक्सच्या, म्हणजे आमच्या कन्सोलच्या, मशीनवर आम्ही कधीच नफा कमावला नाही. कमाई गेमच्या विक्रीतून आणि वर्गणीतून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीने सांगितलं की डिस्कवाला पीएस५ आता तोट्यात विकला जात नाही, डिजिटलचा तोटा मात्र बाकीच्या सामानातून भरून काढू. म्हैस स्वस्तात देतो, पण पेंड माझ्याकडूनच घ्यायची, असा हा सौदा.

डिजिटलमध्ये पेंडीचं दुकान एकच, सोनीचं ऑनलाइन प्लेस्टेशन स्टोअर. सोनीचा नवा मोठा गेम ४,९९९ ला. तिथे सेल लागतो, नाही असं नाही, पण कधी लावायचा आणि किती उतरवायचं हे तेच ठरवणार. आणि खेळून झालेला गेम विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही.

डिस्क असली की बेळगावचा खडेबाजार आहे, तिथे जुन्या डिस्क विकता-घेता येतात. आम्ही जातो ते दुकान एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. काचेच्या कपाटात जुन्या डिस्क, प्रत्येकीवर पेनने लिहिलेला भाव. आपण डिस्क दिली की मालक ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो, चरे बघतो, कडेवरून बोट फिरवतो, मगच आकडा बोलतो. गोकाकच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये घासाघीस, तेवढ्यात मान वळवून आमच्याशी मराठीत. भाच्याने ४,९९९ चा गेम महिन्याभरात संपवला आणि ३,२०० ला देऊन टाकला. म्हणजे खेळ पडला अठराशेला. मग २,००० ची जुनी डिस्क घेतली, ती पुढे सोळाशेला गेली. अशा सात-आठ डिस्क फिरल्या की वरचे दहा हजार वसूल, वर्षभरात सहज होतं. अट एकच, डिस्क जपायची आणि भाव उतरायच्या आत विकायची. मालक माणूस रोखठोक आहे, चरा दिसला की दोनशे कापतोच. त्याबद्दल तक्रार नाही.

आता आपल्या भागातला नेहमीचा प्रश्न, कोल्हापूरला स्वस्त मिळेल काय? नाही. पेट्रोलचा कर राज्याराज्यात वेगळा, म्हणून सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा. कन्सोलवर जीएसटी आहे, इथेही १८ टक्के आणि तिथेही १८. छापील किंमतही देशभर एकच. फरक पडतो तो सणाच्या ऑफरचा. दिवाळीत आणि नोव्हेंबरच्या शेवटी कंपनी स्वतःच पाचेक हजार किंवा त्याहूनही जास्त उतरवते. आम्ही तेव्हाच घेतला, बेळगावातच, म्हणजे काही बिघडलं तर गाडी काढून कोल्हापूर गाठायला नको. नो कॉस्ट ईएमआय घेणार असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी आधी विचारून घ्या.

जुना होईल तसा स्वस्त होईल म्हणून थांबणाऱ्यांना एक सांगतो. स्लिमच्या आधीचा, पहिला डिस्कवाला पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे ४९,९९० ला आला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोनीने तो उतरवायच्या ऐवजी ५४,९९० केला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरनी चढवला. पूर्वी दोन-तीन वर्षांनी भाव पडायचा. यावेळी ते गणित मोडलंय. थांबायचंच तर ऑफरसाठी थांबा.

खर्च मात्र खोक्यावर संपत नाही. पैसे देऊन घेतलेला बहुतेक गेम ऑनलाइन दोस्तांशी खेळायचा तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ती लागत नाही, म्हणून आमच्याकडे सध्या तेवढ्यावरच भागवलंय. दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास जातो. भाच्याने मागितलाय. मी म्हटलं, पुढच्या डिस्क विकून जमव.