कासवाच्या कॅल्शियमच्या नावाखाली गुरांची पावडर

सोलापुरातील पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या एका दुकानात मला 'परदेशी टॉर्टॉइज कॅल्शियम' म्हणून जी पांढरी पावडर विकण्यात आली, ती प्रत्यक्षात गुरांच्या खुराकात मिसळायची डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजेच पशुखाद्याच्या व्यवहारात जिला 'डीसीपी' म्हणतात ती, निघाली. आमचे कासव आफ्रिकेतील सल्काटा जातीचे असून त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर केलेली आहे. (आपल्याकडचे स्टार कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असल्याने ते घरी पाळताच येत नाही, तरीही त्याच दुकानात त्याच्या विक्रीची कुजबुज माझ्या कानावर आली होती.)

डबीवर कासवाचे सुंदर चित्र होते, मजकूर सगळा इंग्रजी होता आणि 'डी-३ युक्त', म्हणजे डी-३ जीवनसत्त्व असलेली, अशी ठळक पट्टी होती. मात्र उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना, मूळ देश यांपैकी काहीही छापलेले नव्हते. विचारल्यावर दुकानदार म्हणाले, "साहेब, इंपोर्टेड माल आहे, डोळे झाकून घेऊन जावा." बिलावर त्यांनी फक्त 'पेट फूड' एवढेच लिहिले.

पशुवैद्यांनी पावडर पाहताच तिच्यावर व्हिनेगर टाकले. कासवाच्या पावडरीत अपेक्षित असलेले कॅल्शियम कार्बोनेट असते तर ते लगेच फसफसले असते; येथे एक बुडबुडाही आला नाही. पुढे दुकानातील मुलानेच सांगितले की मागच्या खोलीतील डीसीपीच्या पोत्यातून डब्या भरल्या जातात. फरक केवळ किमतीचा नाही. कासवाच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावे लागते. डीसीपीमध्ये मात्र सुमारे २३ टक्के कॅल्शियमबरोबर १८ टक्के फॉस्फरस असतो आणि जास्तीच्या फॉस्फरसमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. वाढत्या पिल्लाचे कवच मऊ पडणे, पाय वाकडे होणे हे त्यातूनच उद्भवते. शुद्ध कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असते आणि फॉस्फरस जवळजवळ नसतोच. अर्थात, फसफसली म्हणजे पावडर शुद्धच, असेही नव्हे. शिसे वगैरे भेसळ व्हिनेगरने कळत नाही.

काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या सागरी जिवाचे आतले हाड, हा मला त्यामानाने सरळ उपाय वाटतो. या हाडाच्या पाठीचे कडक कवच काढून त्याचा तुकडा समोर ठेवला की कासव गरजेपुरते कुरतडते. पानाला लावायचा चुना मात्र कोणी कितीही सुचवला तरी देऊ नये, कारण तो दाहक असतो. डी-३ जीवनसत्त्व जास्त झाल्यास रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचते, त्यामुळे सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात, सावलीचा आसरा ठेवून सकाळचे थेट ऊन मिळत असेल तर, पशुवैद्यांना विचारल्याशिवाय डी-३ची पावडर देण्याचे कारण नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यात धरू नये, कारण त्यातील उपयुक्त अतिनील किरण काच अडवते.

दुकानदाराने पैसे परत करण्यास नकार दिल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि वेष्टनावर सक्तीचा तपशील नसल्याबद्दल वैध मापन (वजन-मापे व वेष्टनावरील तपशील तपासणाऱ्या) कार्यालयालाही लेखी कळवले. तेथे डबी, बिल आणि मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद या तिन्ही गोष्टी मागितल्या गेल्या. तेव्हा अशी डबी कोणाकडे असेल तर पावडर कासवाला देणे थांबवावे, पण डबी फेकू नये.