गाडीतल्या घराचे सात महिने: पंचवटी ते रामेश्वर आणि परत

गाडी पाहायला जेवढे म्हणून पाहुणे-शेजारी आले, त्यातल्या पुरुषांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" बायकांनी मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, आत संडास आहे ना?" ॲव्हरेज लिटरला नऊ-दहा पडतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी 62 वर्षांची, हे 66 चे. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, मी शाळेतून. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागे घर बांधून घेतलं. कोल्हापूर, हंपी, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, मग हैदराबाद-नागपूरवरून समृद्धीने सिन्नरला उतरून घरी. शिवाय कोकणाच्या दोन फेऱ्या.

आयुष्यभर प्रवासाच्या दिवशी मी पाणी प्यायचं टाळत आले. एसटीत बसायचं असलं की सकाळचा चहासुद्धा नाही. आता गुडघ्यांमुळे खाली बसताही येत नाही. गाडीत 20 लिटरच्या टाकीचा सुटा कमोड आहे, दोघांना दोन दिवस पुरतो. तो रिकामा करायचं काम मात्र असतंच. टाकी खालून सोडवायची, चाकांवर ओढत पेट्रोल पंपाच्या किंवा भक्तनिवासाच्या संडासात न्यायची, हळू ओतायची, दोन मग पाणी घालून खळबळायची, पुन्हा ओतायची. आधी विचारायचं, नंतर जागा धुऊन द्यायची. ओढ्यात, शेताच्या कडेला कधीही नाही. ह्यांनी हे काम पहिल्या दिवसापासून न सांगता स्वतःकडे घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी जे केलं, त्यात मी हे फार वर ठेवते.

विजेचा हिशोबही ह्यांचाच. 12 व्होल्टची 200 ॲम्पिअर-अवर लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 2,400 वॅट-तास. 1,500 वॅटची इंडक्शन शेगडी लावली तर दीड तासात खेळ खलास. म्हणून स्वयंपाक पाच किलोच्या गॅसवर आणि वीज फ्रीज, पंखे, दिवे, पाण्याची मोटर यांना. छतावरचं सोलर उन्हात भरपूर देतं. पावसाळ्यात कोकणात ते जवळजवळ बंदच, तेव्हा गाडी चालेल तेवढीच बॅटरी भरते. आणि एसी बॅटरीवर रात्रभर चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मदुराईच्या उकाड्यात आम्ही दोन रात्री सरळ लॉज घेतलं.

मनस्ताप झाला तो पाण्याच्या पाइपांचा. बांधणाऱ्याने घरात घालतात तसे कडक पाइप घातले होते. गाडी दिवसभर हादरते, जोड ढिले होतात. कर्नाटकातल्या एका खराब रस्त्यानंतर रात्री गादी उचलली, तर खालचं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटलेले आणि पलंगाखालच्या खणातलं थालीपिठाचं भाजणीचं पीठ म्हणजे नुसता लगदा. फोन केला तर उत्तर आलं, "नाशिकला आलात की बघू." मला खरंच रडू आलं. होस्पेटला एका प्लंबरने लवचिक नळ्या आणि क्लिपा बसवून दिल्या, तेव्हापासून थेंब गळलेला नाही. बांधून घेताना यासाठी अडून बसा. पैसे शेवटचा हप्ता राखूनच द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती काम सुरू करण्याआधीच घ्या. सोलरसकट उंची मोजून आरशाखाली चिकटवा. आमची सव्वादहा फूट आहे, आणि रेल्वेखालच्या प्रत्येक बोगद्याआधी ती मी मोठ्याने वाचते.

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला रामेश्वरची ओढ वेगळीच असते. वाटेत हंपीपलीकडचं आनेगुंदी लागलं. लोक त्यालाच किष्किंधा मानतात. रामकुंडाचं पाणी तांब्याच्या गडूत घालून, झाकणाला फडकं बांधून मी फ्रीजशेजारी ठेवलं होतं. त्यातला थेंबही सांडला नाही.

रामेश्वरहून धनुष्कोडीला गेलो. 1964 च्या वादळात उजाड झालेलं गाव, दोन्ही बाजूंना समुद्र, डोक्यावर ऊन. शहाळीवाला दिसला. मी एक प्यायले आणि लगेच दुसरं फोडायला सांगितलं. गाडी मागेच उभी होती.